स्नोमोबाईलचे स्की-अंतर : अरुंद करण्यामागील गणित आणि जोखीम

हिवाळ्यात काश्मीरमधील गुलमर्गला जाऊन आलेल्या पर्यटकांना स्नोमोबाईल हे वाहन नवे नाही. सियाचेनसारख्या हिमाच्छादित भागात भारतीय सेनाही ‘स्नो स्कूटर’ या नावाने ते वापरते. पुढे दोन स्की, मागे इंजिनाच्या बळावर फिरणारा रुंद रबरी पट्टा, आणि मोटारसायकलसारखे हँडल धरून बसलेला चालक, असे या वाहनाचे ढोबळ रूप. या वाहनाचे खरे माहेरघर मात्र कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग हे आहे. तेथील डोंगराळ प्रदेशांत अनेक हौशी चालक आपल्या वाहनाच्या पुढील सस्पेन्शनमध्ये बदल करून दोन स्कींमधील अंतर कमी करून घेतात. वरवर पाहता हा काही इंचांचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात वाहनाचा स्वभावच त्याने बदलतो आणि चालक कोणत्या उतारावर जाऊ धजेल, हेही काही अंशी त्यावर ठरते.

स्की-अंतर म्हणजे काय?

वाहन सपाट जागी, आपल्या नेहमीच्या उंचीवर उभे असताना डाव्या स्कीच्या मध्यरेषेपासून उजव्या स्कीच्या मध्यरेषेपर्यंतचे आडवे अंतर म्हणजे स्की-अंतर. आखलेल्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या हिममार्गांवर धावणाऱ्या वाहनांत ते साधारणतः ४२ ते ४३ इंच, म्हणजे सुमारे १०७ ते १०९ सेंटिमीटर असते. डोंगरातील खोल, भुसभुशीत बर्फासाठी बनवलेल्या वाहनांत ते बहुधा ३६ ते ३९ इंचांच्या, म्हणजे सुमारे ९१ ते ९९ सेंटिमीटरच्या घरात असते. दोन्ही प्रकारांत इंजिन आणि हँडल पुष्कळदा सारखेच असते. फरक मुख्यतः पट्ट्याची लांबी, पट्ट्यावरील रबरी दातांची उंची आणि पुढील सस्पेन्शनची रुंदी यांत असतो. म्हणूनच मार्गावरचे वाहन विकत घेतलेला चालक डोंगराकडे वळला की त्याचे लक्ष पहिल्यांदा या रुंदीकडे जाते.

पार्श्वभूमी

बर्फावर चालणारे यांत्रिक वाहन बनवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच सुरू झाले होते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सेनर या गावी कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये मोटार बसवलेली हिमगाडी तयार केली आणि १९२७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील वालकूर येथील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांची कथा अधिक हृदयद्रावक आहे. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते बंद असल्याने त्यांच्या आजारी लहान मुलाला वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फात चालणाऱ्या वाहनाच्या शोधाने बोंबार्डिए आधीच झपाटलेले होते. त्यांना १९३७ मध्ये दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘स्की-डू’ हे हलके, एका-दोघांचे वाहन बाजारात आणले आणि स्नोमोबाईल हे हिवाळी करमणुकीचे साधन बनले. मिनेसोटा राज्यातील रोझो येथे पोलारिस कंपनी याच दशकात या व्यवसायात उतरली होती.

सुरुवातीच्या स्नोमोबाईलमध्ये स्की पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेल्या असत. बैलगाडीपेक्षा थोडी सुधारलेली, पण तशीच साधी रचना. खड्डा आला की हादरा थेट हँडलपर्यंत पोहोचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पोलारिसने शर्यतीच्या वाहनांत दोन्ही स्की स्वतंत्रपणे वर-खाली होतील असे सस्पेन्शन आणले आणि नंतरच्या ‘इंडी’ मालिकेने ते सामान्य चालकांपर्यंत नेले. आज सर्वत्र रूढ असलेली रचना मोटारगाड्यांतील ‘डबल विशबोन’सारखी आहे. प्रत्येक बाजूला एक वरची आणि एक खालची त्रिकोणी भुजा असते. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या आकारामुळे तिला ‘ए-आर्म’ म्हणतात. भुजांचे आतले टोक सांगाड्याला, तर बाहेरचे टोक स्की धरणाऱ्या उभ्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला जोडलेले असते. या भुजांची लांबी हेच स्की-अंतर ठरवणारे मुख्य माप आहे.

अंतर कमी करण्याची गरज का भासते?

दाबलेल्या कठीण मार्गावर वाहन वळवण्यासाठी हँडल फिरवले की पुरते. स्कीखालची पोलादी, कार्बाइड बसवलेली धार बर्फात रुतते आणि वाहन वळते. छातीएवढ्या खोल भुसभुशीत बर्फात ही धार कशातच रुतत नाही. तेथे वाहन वळवायचे ते कलवून. चालक उभा राहतो, एका बाजूच्या पायदाणीवर सगळे वजन टाकतो, बहुतेकदा हँडल क्षणभर उलट्या दिशेला वळवतो आणि वाहन एका कुशीवर आणतो. मग पट्ट्याची एक कड आणि एकच स्की बर्फ कापत जाते, दुसरी स्की हवेत राहते.

उताराला आडवे जाताना हे कौशल्य अधिकच कळीचे ठरते. समजा, ३० अंशांच्या उतारावर वाहन आडवे चालले आहे. दोन्ही स्की बर्फाला टेकून राहिल्या, तर वाहनही दरीच्या बाजूला ३० अंश झुकेल आणि घसरत खाली जाईल. त्यामुळे वाहनाला डोंगराच्या बाजूला कलवून आडव्या दिशेने जवळजवळ समतल ठेवावे लागते. वरच्या बाजूची स्की आणि पट्ट्याची कड यांनी बर्फात चर कोरत जायचे, खालच्या बाजूची स्की अधांतरी. स्कींमधील अंतर जितके जास्त, तितके हे कलवणे कष्टाचे. कलवण्यासाठी शरीराचे वजन ज्या तरफेविरुद्ध लावायचे, ती तरफच लांब होते. दोनशे किलोच्या आसपासचे वाहन दिवसभर असे कलवत राहिल्यावर संध्याकाळी हात आणि पाय ज्या अवस्थेत असतात, त्यातून अरुंद स्की-अंतराची मागणी जन्माला आली.

या विचाराचे टोक म्हणजे ‘स्नो बाईक’. मोटारसायकलचे पुढचे चाक काढून तेथे एकच स्की आणि मागच्या चाकाच्या जागी अरुंद पट्टा बसवला जातो. तेथे स्की-अंतर शून्य. गोव्यातला मोटारसायकल पायलट वळणावर जसा सहज कलतो, तसे हे वाहन बर्फात कलते. मात्र उभे राहण्यासाठी त्याला वेग किंवा चालकाचा पाय लागतो.

तोलाचे गणित

स्थैर्य किती घटते, हे समजण्यासाठी ऑटोरिक्षाचे उदाहरण उपयोगी पडेल. रिक्षा पुढच्या एका आणि मागच्या दोन चाकांच्या त्रिकोणावर उभी असते. वळणावर ती उलटायची झाली, तर पुढचे चाक आणि मागचे एक चाक यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवरून उलटते. स्नोमोबाईलचा त्रिकोण उलटा आहे. पुढे रुंद, मागे अरुंद. ती उलटेल तर बाहेरची स्की आणि पट्ट्याची मागची कड यांना जोडणाऱ्या रेषेवरून.

एक कल्पित उदाहरण घेऊ. स्की-अंतर ४२ इंच, पट्ट्याची रुंदी १५ इंच आणि चालकासह वाहनाचा गुरुत्वमध्य स्कीपासून पट्ट्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्के मागे आहे असे मानू. मध्यरेषेपासून पुढची स्की २१ इंचांवर आणि पट्ट्याची कड साडेसात इंचांवर. गुरुत्वमध्याच्या जागी ती तिरपी रेषा मध्यापासून १२.९ इंचांवर येते. आता स्की-अंतर ३६ इंच केले. पुढची स्की १८ इंचांवर आली. गुरुत्वमध्यापाशी ती रेषा ११.७ इंचांवर सरकली. म्हणजे स्की-अंतर १४ टक्क्यांनी घटले, पण उलटण्याला होणारा मूळ विरोध सुमारे ९ टक्क्यांनीच कमी झाला. ज्या वेगाला वळणावर आतली स्की उचलू लागते, तो वेग या विरोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे चालक हलला नाही असे धरले, तर तो वेग सुमारे ५ टक्क्यांनी खाली येतो.

हे आकडे वाहनागणिक बदलतील, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष कायम राहतो. स्की-अंतर घटवल्याने कलण्याची जी सुलभता मिळते, तीच कठीण मार्गावर अस्थैर्य म्हणून परत येते. डोंगरात मिळालेला फायदा आणि मार्गावर झालेला तोटा या वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाच बदलाची ती दोन नावे आहेत.

बदल करण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग वाशरचा. अनेक वाहनांत स्की आणि स्पिंडल यांच्या जोडाच्या बोल्टवर सुट्या कड्या असतात. त्या आतून काढून बाहेर किंवा बाहेरून काढून आत घातल्या की स्की थोडी सरकते. दोन्ही बाजू मिळून एक ते दोन इंचांचा फरक पडतो. यात भुजांची लांबी बदलत नाही. त्यामुळे सस्पेन्शनचे वर्तन जवळजवळ तसेच राहते. मूळ कंपनीनेच दिलेली ही सोय असेल, तर सुरुवात येथून करणे शहाणपणाचे.

दुसरा मार्ग तयार संचाचा. आखूड वरच्या-खालच्या भुजा, त्यांना साजेसे शॉक ॲब्सॉर्बर आणि आखूड टाय रॉड असा जुळवलेला संच सुट्या भागांचे उत्पादक विकतात. काही वेळा त्याच कंपनीच्या डोंगरी मॉडेलचे भाग मार्गावरच्या मॉडेलला थेट बसतात. खर्च जास्त, पण मापे एकमेकांशी जुळलेली मिळतात.

तिसरा मार्ग कापून जोडण्याचा. मूळ भुजा कापायची, आखूड करायची, पुन्हा वेल्डिंग करायचे. सर्वांत स्वस्त वाटणारा हा मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. या भुजा क्रोमोली पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या धातूचे बळ घटते. ॲल्युमिनियममध्ये तर विशेषच. लपलेल्या बुंध्यावर किंवा खडकावर स्की आपटली, तर भुजा नेमकी तेथे मोडू शकते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. कंपनीने बसवलेली भुजा काही प्रमाणात ‘फ्यूज’चे काम करते. मोठा आघात झाला की ती वाकते आणि मागचा महाग सांगाडा वाचतो. गरजेपेक्षा फारच भक्कम भुजा बसवली, तर तोच आघात सांगाड्यापर्यंत जातो. भुजा बदलता येते. वाकलेला सांगाडा सरळ करणे मात्र पुष्कळदा परवडत नाही.

एका मापामागे बदलणारी इतर मापे

भुजा आखूड केल्यावर शॉक ॲब्सॉर्बर तेच ठेवण्याची चूक वारंवार होते. समजा, खालची भुजा १६ इंचांची होती, ती १३ इंच केली, आणि शॉक ॲब्सॉर्बरचा जोड आतल्या बिजागरीपासून पूर्वीच्याच अंतरावर ठेवला. स्कीपाशी जाणवणारा ताठरपणा भुजेच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १६ भागिले १३ या संख्येचा वर्ग सुमारे दीड येतो. म्हणजे स्प्रिंग तीच असूनही स्की दीडपट कडक वाटू लागते. दुसरीकडे, आधी स्की १० इंच वर-खाली होत असेल, तर आता ती सुमारे ८ इंचच होईल.

याचा परिणाम उपरोधिक आहे. स्की आत आल्याने स्प्रिंगची कलाविरुद्धची तरफ कमी होते, पण ताठरपणा दीडपट झाल्याने एकूण हिशेबात पुढच्या सस्पेन्शनचा कलाला होणारा विरोध कमी होण्याऐवजी दहा-अकरा टक्क्यांनी वाढलेला निघतो. चालकाला हादरे जास्त बसतात आणि हवी ती लवचिकता मिळत नाही. त्यासाठी नरम स्प्रिंग घालावी लागते. हवेच्या दाबावर चालणारे शॉक ॲब्सॉर्बर असतील, तर पंपाने दाब कमी करून हे काम भागते.

अँटी-रोल बारचाही विचार करावा लागतो. डाव्या आणि उजव्या भुजांना जोडणारी ही दांडी वाहनाला वळणावर कलू देत नाही. डोंगरी वाहनांत ती बहुधा नसते. भुजा आखूड केल्यावर या दांडीचे दुवेही बदलावे लागतात किंवा दांडी काढून टाकावी लागते. काढली, तर डोंगरात वाहन मोकळे होते. पण मार्गावरच्या वळणात ते अंग टाकते.

सर्वांत नाजूक भाग सुकाणूचा. हँडलची हालचाल स्कीपर्यंत नेणारा टाय रॉड भुजांबरोबर वर-खाली होतो. त्याची लांबी आणि कोन भुजांशी जुळले नाहीत, तर खड्डा आला की हँडल न फिरवताही स्की आपोआप वळते. सपाट मार्गावर हे लक्षातही येणार नाही; वेगात, खाचखळग्यांत मात्र वाहन चालकाच्या हाताखालून निसटल्यासारखे वागते. म्हणून टाय रॉड भुजांच्या प्रमाणातच आखूड हवा. तो आखूड करताना टोकाच्या जोडाचे आटे पुरेशा खोलीपर्यंत बसले पाहिजेत. आट्यांच्या व्यासाच्या किमान दीडपट खोली असावी, हा कार्यशाळांत पाळला जाणारा सुरक्षित संकेत. वरून लॉक नट घट्ट हवाच.

जुळवणी आणि तपासणी

काम पूर्ण झाल्यावर वाहन उचलून शॉक ॲब्सॉर्बर मोकळे करावेत आणि दोन्ही स्की हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन पाहाव्यात. प्रत्येक स्थितीत हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे. भुजा खालच्या आवरणाला घासते का, ब्रेकची नळी ताणली जाते का, रुंद स्की आतल्या बाजूला कशावर आदळते का, हे येथेच कळते. स्की जवळ आल्यामुळे पूर्वी नसलेली टक्कर आता उद्भवू शकते.

त्यानंतर स्कींची दिशा जुळवावी. हँडल सरळ बांधून ठेवावे, पट्ट्याच्या कडेला लांब सरळ पट्टी लावावी आणि त्या पट्टीपासून स्कीखालच्या धारेचे पुढचे व मागचे अंतर मोजावे. मोजण्यापूर्वी दोन्ही स्कींची टोके लवचिक दोरीने एकमेकींकडे ओढून धरली, तर जोडांतील सैलपणा निघून जातो आणि माप खरे येते. बहुतेक वाहनांत स्कींची टोके किंचित बाहेर असावी लागतात. हा फरक काही मिलिमीटरचाच असतो. नेमके माप त्या वाहनाच्या पुस्तिकेतले घ्यावे.

पहिली फेरी मोकळ्या, सपाट जागी, कमी वेगात. परत आल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा. मार्गावर आतली स्की फार उचलते असे आढळले, तर पट्ट्याच्या पुढच्या भागाची हालचाल आवरणारा पट्टा, ज्याला लिमिटर स्ट्रॅप म्हणतात, तो थोडा आखूड केल्याने स्कींवरचे वजन वाढते. पण त्याच प्रमाणात हँडल जड होते आणि खोल बर्फात पुढचा भाग बुडू लागतो. येथेही काहीतरी घेताना काहीतरी द्यावेच लागते.

धोक्याची रेषा

या बदलाचा सर्वांत गंभीर परिणाम कार्यशाळेत दिसत नाही. हिमस्खलनांपैकी बहुसंख्य ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. कलवायला सोपे झालेले वाहन चालकाला नेमके याच उतारांवर घेऊन जाते. पूर्वी ज्या उताराला तो घाबरून वळसा घालत असे, तो उतार आता त्याच्या आवाक्यात आलेला असतो. वाहन सुधारते, बर्फ मात्र तोच राहतो. उत्तर अमेरिकेत हिमस्खलनांत बळी पडणाऱ्यांमध्ये स्नोमोबाईलस्वारांचा वाटा लक्षणीय असतो.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. वाचवायचे ते सोबत्यांनीच. म्हणून डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर संदेश पाठवणारे आणि टिपणारे यंत्र, पाठीवर फावडे आणि शोधकाठी, आणि ती वापरण्याचा सराव ही तयारी सस्पेन्शनच्या बदलाइतकीच आवश्यक ठरते. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचणे, उतारावर एका वेळी एकानेच जाणे आणि इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर लक्ष ठेवणे, हे नियमही त्याच यादीतले.

कोणी करावा, कोणी करू नये?

वर्षातले बहुतेक दिवस आखलेल्या मार्गांवर घालवणाऱ्या चालकाने हा बदल टाळलेलाच बरा. दोन माणसे बसवून नेणारे, सामान ओढणारे किंवा पर्यटकांना फिरवणारे वाहन तर रुंदच हवे. तेथे कलण्यापेक्षा तोल महत्त्वाचा. ज्याचे बहुतेक दिवस खोल बर्फात, झाडांमधून आणि उतारांवर जातात, त्याला मात्र अरुंद स्की-अंतराचा खरा उपयोग होतो. त्यानेही आधी वाशरने एक-दोन इंच कमी करून पाहावे, गरज पटली तरच पूर्ण संच घ्यावा, आणि वॉरंटीवर व विम्यावर या बदलाचा काय परिणाम होतो ते आधी विचारून घ्यावे. असे बदललेले जुने वाहन विकत घेणाऱ्याने भुजांवरील वेल्डिंगच्या खुणा आणि टाय रॉडचे आटे स्वतः पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. विकताना आधीच्या मालकाने केलेला बदल नव्या चालकाला सांगणे, हेही त्याचे कर्तव्यच ठरते. कारण ज्या वळणावर जुन्या मालकाचा हात सरावलेला होता, तेथे नव्याचा तोल पहिल्याच दिवशी जाऊ शकतो.